उत्तरेश्वर तात्यांचा रुसवा

उत्तरेश्वर तात्या मानाला हपापलेत, ही बातमी आमच्या गावातून निघाली, नांदूरघाटच्या बाजारात जेवली आणि केजला मुक्कामाला गेली.

बातमी अशी. तात्यांना लग्नाचं आवतन द्या, ते येतात. पण मंडपाच्या दारात आले की खुंटा रोवल्यासारखे उभे राहतात. चेहरा असा की हसू नाही, राग नाही, पापणीसुद्धा जेमतेम हलते. लोक "या, या तात्या" म्हणत हाताला धरून ओढतात, तर ते आणखी घट्ट होतात. मग यजमान घाबरतो. टॉवेल-टोपी येते, फेटा येतो, हलगीवाले पुढे येऊन वाजवायला लागतात आणि तात्या टकाटका चालत आत जातात.

चौकात म्हाळूचं हॉटेल आहे. ही बातमी तिथंच तळली गेली. म्हाळू बोलतो तेव्हा तोंडात गरम भजं असल्यासारखा बोलतो. "आरं, त्या माणसाला किल्ली हाय! फेटा बांधा, हलगी वाजवा, की सुरू! मी सोता बघितलंय." (म्हाळूची नक्कल नीट करायची तर तोंडात खरंच गरम भजं ठेवावं लागतं. मी ठेवलेलं आहे.)

आता खरं सांगते. त्या सगळ्या लग्नांत तात्या एकदाही रुसले नव्हते.

उत्तरेश्वर तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. गाव त्यांना तात्या म्हणतं म्हणून मीही म्हणते. तरुणपणी ऊसतोडीच्या टोळीत गेले, मग थोड्या पाण्यावर स्वतःची शेती केली. पण त्यांची खरी ओळख वेगळीच. पाहुण्याचा रुसवा काढायचा असला की तात्यांना बोलवायचे. आमच्याकडं लग्नात कुणी रुसलं नाही तर जेवण अळणी लागतं. कुणाचं पत्रिकेत नाव राहतं, कुणाला टोपी मिळते पण टॉवेल नाही, कुणाच्या पत्रावळीत बुंदी उशिरा पडते. दिंद्रुडच्या एका लग्नात नवरीचे मावसे पत्रिकेत नाव नाही म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसले होते. चार जणांनी पाया पडून झालं, पण मावसे ढिम्म. तात्या गेले, ट्रॉलीत चढले, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि स्वतःही तोंड फुगवलं.

मावसे बघत राहिले. शेवटी त्यांनाच राहवेना. "तुमी कावून रुसलात?"

"आधी तुमी सांगा. मंग मी सांगतो."

"माझं नाव न्हाई पत्रिकेत."

"माझं हाय," तात्या म्हणाले, "पण 'उत्तमराव' छापलंय. आता सांगा, कुणी जास्त रुसायचं?"

मावसे हसले, उतरले, जेवले. असा माणूस मानासाठी दारात अडून बसेल का?

मला कुणाचीही बोली एकदा ऐकली की चिकटते. तात्यांची नक्कल तर सगळ्यात सोपी. छातीतून काढून या बांधावरनं त्या बांधावर फेकलेला आवाज : "ओऽऽ पाव्हणं! च्या पिल्याबगर जायाचं न्हाई!" मी हे करायची आणि अंगणातला कुत्रासुद्धा तात्या आले म्हणून उठायचा. मग एक वेळ अशी आली की नक्कल जुळेना. मी करत होते तशीच, पण तात्याच तसं बोलेनात. त्यांचा आवाज आत आत चालला होता. शब्द जागच्या जागी, फक्त जोर गेलेला. ते "पाव्हणं" म्हणायचे ते पाहुण्यालाच ऐकू जायचं नाही.

मुक्ता माईंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, त्याच्याही आधी वेगळंच टिपलं होतं. मेथीची भाजी करपून घरभर धूर झाला आणि चुलीपासून हातभर अंतरावर बसलेले तात्या विचारत होते, "आज भाजी कशाची?" नाकाला वासच येत नव्हता. दुसरं म्हणजे झोपेत ऊस तोडायचे. खरंच. हात वर जायचा आणि सपकन खाली. "टोळी सोडून इतकी वरसं झाली," माई सांगायच्या, "आन् आता मला उसाचं धाट समजून तोडायलाय ह्यो माणूस." त्या मध्ये उशांचा बांध घालून झोपायच्या.

मग उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायला लागलं, तेही हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना. शेजारच्या बायडाबाई म्हणाल्या, तात्या मनातल्या मनात जप करतात. नंतर हात जास्त थरथरायला लागल्यावर त्यांनी मत बदललं : "जप न्हाई बाई, करणी हाय." उंबऱ्यावर लिंबू ठेवून गेल्या. माईंनी त्याचं सरबत केलं.

तात्यांचा मुलगा अभिमन्यू काका त्यांना लातूरला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. मी सोबत होते, कारण तात्यांचं बोलणं आता घरात मलाच पहिल्या झटक्यात कळत होतं. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला भरभर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ओके?" त्यांनी तात्यांना बोटं उघडायला-मिटायला लावली, बाहेरच्या लांब वाटेवर चालायला लावलं, वळायला लावलं. मग कागद दिला. "लिहा, मी आज सकाळी चहा प्यायलो. ओके?" तात्यांनी लिहिलं. 'मी' बोराएवढा होता, 'प्यायलो' मोहरीएवढा.

"पार्किन्सन," बाई म्हणाल्या. "कंपवात. पण नुसत्या थरथरीकडं बघू नका, काहींना ती जवळजवळ नसतेच. मेंदूत खोलवर काही पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. ते असलं की हालचालीचा हुकूम नीट पोचतो. तुमच्या त्या पेशी हळूहळू मरतायत. म्हणून चेहरा हलत नाही, आवाज बारीक होतो, पाय घासतात. वास जाणं, झोपेत हातपाय मारणं, हे कित्येकदा खूप आधीच सुरू होतं. ओके?"

"ओके," तात्या म्हणाले. बाईंना ऐकूच गेलं नाही, म्हणून मी तात्यांच्या जुन्या आवाजात ठणकावून "ओके!" म्हटलं. बाहेर बसलेला पेशंट आत आला.

बरा होतो का, हे काकानं विचारलं. बाईंनी सरळ सांगितलं, मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण गोळ्या, व्यायाम आणि थोडी युक्ती यांवर माणूस बरीच वर्षं चांगला चालता-बोलता राहू शकतो.

येताना एसटीत काका खिडकीबाहेर बघत होता. तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "सोपं हाय की. टोळी धडधाकट हाय, मुकादमाचा आवाज बसलाय. हात-पाय कोयते घिऊन उभे हायत, पण 'चला' म्हणलेलं ऐकू येईना त्यांना."

"आन् गोळी?"

"गोळी म्हंजी मुकादमाच्या हातात भोंगा. पर चार्जिंगचा. उतरला की पुन्ना गप."

यापेक्षा नीट मला अजून कुणी समजावलेलं नाही, आणि मी बारावीला जीवशास्त्र घेतलंय.

मग घरात नवे कायदे आले. गोळीची वेळ म्हणजे वेळ. माईंच्या मोबाइलमध्ये कोंबड्याचा गजर लावला. तो दुपारी आरवला की आळीतले म्हातारे गडबडून घड्याळं बघायचे. गोळी आणि दूध-वरण यांच्यात अंतर, कारण दोघं एकाच दारातून आत शिरायला बघतात आणि गर्दीत गोळी मागं राहते. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. रोज चालायचं, हात मुद्दाम हलवत, पाऊल मुद्दाम मोठं टाकत. आणि रोज मोठ्यांदा ओरडायचं. होय, ओरडायचं! आवाज बारीक झालाय हे तात्यांना स्वतःला कळत नव्हतं. त्यांना वाटायचं आपण बोलतोय ते ठीकच आहे, माई बहिऱ्या झाल्यात. म्हणून बाईंनी सांगितलं, तुम्हाला ओरडल्यासारखं वाटेल तेवढं बोला, तेव्हा ते आमच्या कानाला बरोबर येईल.

तात्या बांधावर जाऊन "ओऽऽ पाव्हणं!" चा सराव करायचे. पहिल्यांदा पलीकडच्या शेतातून म्हाळू धावत आला. दुसऱ्यांदाही आला. नंतर त्यानं बातमी फिरवली की तात्या म्हशीला पाव्हणं म्हणतात.

राहिलं ते मंडपाचं दार. बाईंनी तेही उलगडलं. या आजारात पाय मध्येच जमिनीला चिकटतात. दाराची चौकट, वळण, गर्दी, घाई असली की हमखास. अशा वेळी ओढायचं नाही, ढकलायचं नाही, त्यानं माणूस पडतो. थांबायचं, श्वास घ्यायचा. समोर ओलांडायला एखादी आडवी रेघ असली किंवा कानाला ठेका मिळाला, की मेंदू दुसऱ्या वाटेनं हुकूम पाठवतो आणि पाऊल सुटतं.

म्हणजे म्हाळूची किल्ली खरीच होती! फक्त फेट्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तात्या चालायचे ते हलगीवर. तोवर मिळालेल्या टॉवेलांनी कपाटाचा एक खण भरला होता आणि माई त्यांनी चुलीवरची भांडी उतरवायच्या. घरात माईंनी प्रत्येक उंबऱ्याआधी चुन्याचे आडवे पट्टे ओढले. तात्या पट्ट्यांवरून बगळ्यासारखे पाय उचलत स्वयंपाकघरात यायचे आणि विचारायचे, "आज करपलं का न्हाई?"

असं सगळं मार्गी लागलं होतं, तेवढ्यात सायली आत्याचं लग्न ठरलं.

सायली आत्या तात्यांची शेंडेफळ. मुलगा दिंद्रुडचा, अंगद नाव, स्वभावानं गरीब. पण त्याची आई सुरेखाबाई! आमच्या तीन तालुक्यांत त्यांच्याइतकं सुरेख कुणी रुसत नाही. साखरपुड्यात त्या पेढ्यावर वर्ख नाही म्हणून तोंड फिरवून बसल्या होत्या. रागावल्या की आधी डावी भुवई चढते, मग पदर खांद्यावरून डोक्यावर जातो, मग "आमाला काय, आमी गरीब मानसं" असं हवेला सांगितलं जातं. (हे मी करते. एरवी नकलेचे दहा रुपये घेते, ही फुकट.)

साखरपुड्याला तात्यांना आधीच नेऊन खुर्चीत बसवलं होतं, म्हणून निभावलं. लग्नात मात्र मुलीच्या बापानं वरमाईला मंडपाच्या दारातून पायघड्यांवरून आत आणायची रीत. अभिमन्यू काकानं घरात बैठक घेतली.

"तिकडच्यांना आजाराचं कळता कामा न्हाई. घराण्यात डोक्याचा रोग हाय म्हणतील, सोयरीक मोडंल. तात्या, तुमी आधीच आत बसा. वरमाईला मी आणतो. कुणी म्हणलं तात्या रुसलेत, म्हणू द्या. रुसवा चालतो, रोग चालत न्हाई."

तात्यांचा चेहरा हलला नाही. तो तसाही हलत नाही. पण ते उठले, पट्टे बघत माईंजवळ गेले आणि बांधावरचा आवाज काढून म्हणाले, "पोरीचा बाप मी हाय. दारातून मीच येणार."

मग त्यांनीच युक्ती काढली. पायघड्या लांबसडक न घालता साड्या आडव्या घड्या करून घालायच्या, मध्ये वीतभर जागा सोडत. वरमाईला मान मिळतो, तात्यांना रेघा मिळतात, कुणाला काही कळत नाही. ओट्यावर माईंच्या साड्या टाकून बघितलं. तात्या झकास चालले.

"चालाल हो तुमी," मी म्हटलं. "पण सुरेखाबाई रुसल्याबगर हे लग्न पार पडत न्हाई."

"पडंल."

"न्हाई पडत. लावा पैज."

"लावली. जिंकलीस तर कपाटातले समदे फेटे तुझे, गॅदरिंगला घाल." तात्यांनी थोडा विचार केला. "आन् हरलीस तर पंगतीत माझं तोंड करून बसायचं. जेवण संपोस्तोर. हसायचं न्हाई."

तात्यांचं तोंड मी कधीच करून दाखवू शकले नव्हते. सगळ्या गावाचं येतं, ते एक येत नाही, कारण त्यात करायला काही नसतंच. तरी पैज लावली. सुरेखाबाईंवर माझा पूर्ण विश्वास होता.

लग्नाच्या दिवशी माईंनी गोळीची वेळ मुहूर्तापेक्षा कडक पाळली. साड्याही घातल्या, वीतभर जागा सोडून. आणि वरात दाराशी आली तेव्हा मंडपवाला नाथा आला. नाथा मदतीला फार तत्पर. वरमाई येणार आणि साड्या अशा तुटक-तुटक पडल्यात हे त्याला बघवेना. त्यानं त्या पटापट गोळा केल्या आणि दारापासून बोहल्यापर्यंत गुळगुळीत लाल गालिचा अंथरून दिला. एक रेघ नाही, एक सुरकुती नाही. शिवाय माईंकडं बघून म्हणाला, "फुकट, बरं का. माझ्याकडनं."

हलगीवाले वरात वाजवून पंगतीला बसले होते. तात्या सुरेखाबाईंच्या शेजारी चालत दारात आले, खाली बघितलं आणि थांबले.

मंडपातून कुजबुज उठली. "रुसले! पोरीचा बापच रुसला!" मागून म्हाळू ओरडला, "टॉवेल आना रे!" टॉवेल आला. टोपी आली. एकानं फेटा बांधायला घेतला. काका घामाघूम होऊन तात्यांचा दंड ओढायला लागला, तसे पाय आणखी रुतले आणि तात्या पुढं झुकले. माईंनी काकाच्या हातावर फटका मारला. "सोड त्यांना!"

सुरेखाबाईंची डावी भुवई चढली. "व्याही, रुसायचा मान आमचा. तुमी कावून रुसलात? काय राहिलं आमच्याकडनं?"

तात्यांनी श्वास घेतला. छाती भरली. आणि त्या बांधावरनं या बांधावर फेकावा तसा आवाज आला, पंगतीतल्या हलगीवाल्यांनी माना वर केल्या :

"विहीणबाई! मी रुसलो न्हाई! मला कंपवात हाय! हुकूम सुटतो, पायापोतर पोचत न्हाई!"

काकानं डोळे मिटले.

"मंग आधी कावून न्हाई सांगितलं?" सुरेखाबाई म्हणाल्या.

"भ्यालो. सोयरीक मोडंल म्हणून."

"पोरीला व्हतो का ह्यो?"

माई पुढं झाल्या. "डॉक्टरीणबाईला इचारलंय. बहुतेकांत तो पिढीजात नसतो म्हणल्या. आन् चिकटत बी न्हाई. ह्यांच्यासंगं राहून मी कशी धडधाकट हाय, बघा."

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत नवरदेव मागून म्हणाला, "आई, मला ठाव हाय. सायलीनं पहिल्याच फोनवर सांगितलं व्हतं."

सुरेखाबाई गर्रकन वळल्या. "तुला ठाव, आन् मला न्हाई?"

पदर खांद्यावरून निघाला. डोक्याकडं चालला. मी मनात फेटे मोजायला घेतले, गुलाबी आधी घालायचा की भगवा.

"विहीणबाई," तात्या म्हणाले, "रुसा खुशाल. पण आधी मला आत न्या, ऊन लई हाय. तुमचं एक पाऊल आडवं टाका माझ्यापुढं."

"आडवं पाऊल? म्या?"

"रेघ लागती मला. वलांडायला."

सुरेखाबाईंनी तात्यांकडं बघितलं, मंडपाकडं बघितलं. मग पैठणी चिमटीत धरून जोडव्यांचा पाय तात्यांच्या पायापुढं आडवा ठेवला. तात्यांनी त्या पायाकडं नजर लावली आणि पाऊल उचललं. ओलांडलं! सुरेखाबाईंनी पुढं होऊन पुन्हा पाय ठेवला. पुन्हा ओलांडलं. पायघड्यांवरून चालायला आलेली वरमाई अख्ख्या गालिच्यावर व्याह्याची पायघडी होत बोहल्यापर्यंत गेली. वाटेत म्हाळू टॉवेल घेऊन मध्ये आला, तर त्याच्यावर डाफरल्या, "सरक की रे मागं! माणूस चालतोय दिसंना का?"

आणि त्या रुसल्या नाहीत. मी लग्नभर त्यांच्या मागं मागं फिरले. वर्ख नव्हता, बुंदी उशिरा आली, त्यांच्या जावेला त्यांच्याआधी हळदीकुंकू लागलं. काही नाही. तात्या उठले की त्या उठायच्या, तात्या वळले की पाय पुढं. शेवटी मी त्यांच्या बहिणीला विचारताना ऐकलं, "कावून गं, आज गप?" तर म्हणाल्या, "म्या रुसून बसले तर त्या माणसाला दारातून कोण काढंल? त्याचं लेकरू तर हात उपटायलंय."

अभिमन्यू काका त्याच वेळी जमिनीवर बसून गालिच्यावर खडूनं आडव्या रेघा ओढत होता. नाथा त्याच्या डोक्यावर उभा राहून "गालिचा, दादा, गालिचा!" करत होता.

पंगत बसली. तात्यांनी लांबून माझ्याकडं बघितलं. मी चेहरा लावला. कपाळ सोडलं, गाल सोडले, पापण्या आवरल्या. बायडाबाईंना ते पहिल्यांदा दिसलं. "आरोही कावून रुसली?" बातमी पंगतीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली आणि एक हिरवं ब्लाऊजपीस घेऊन परत आली. ते माझ्या मांडीवर ठेवलं गेलं. मी हलले नाही. एका मामींनी पाया पडू का विचारलं. मी हलले नाही. मला वाटायला लागलं, हे जमतंय आपल्याला.

मग पाटाशेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तात्या येऊन बसले. माझ्यासारखंच समोर बघत राहिले, ट्रॉलीत मावशांशेजारी बसले होते तसे. दोघं दगडासारखे. वाढपी आमच्यासमोरून जाताना हळूच पाय उचलून जायला लागले.

मी बुंदीचा घास घेतला. तात्या माझ्या कानाकडं झुकले, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, आणि हुबेहूब म्हाळूच्या गरम भज्यातून म्हणाले :

"हिला किल्ली हाय. फेटा बांधा, हलगी वाजवा..."

बुंदी समोरच्या मामींच्या आमटीत सापडली. ब्लाऊजपीस मात्र कुणी परत मागितलं नाही.